तबकडीवरचे नाव

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. शालेय इतिहासाने ती आपल्या मनात इतकी घट्ट बसविली आहेत की तापीकाठच्या या शहराचे आणखी काही वैभव असेल, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे आज तेथील यंत्रमागांवर आणि कापडबाजारात राबत आहेत. त्यांनाही हे शहर जरीचे, कापडाचे आणि हिऱ्यांचे म्हणूनच परिचित आहे. परंतु सुरतेचे एक वैभव निराळे आहे आणि ते तिजोरीत मावणारे नाही. हे शहर कोशकारांचे आहे. कवी नर्मद (१८३३–१८८६) याने वर्षानुवर्षे एकट्याने खपून गुजराती भाषेचा जो कोश रचला, तो ‘नर्मकोश’ १८७३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यानंतर शंभरावर वर्षे लोटली आणि याच शहरात हरीश रघुवंशी या रसिकाने निराळ्याच प्रकारचा कोश तयार केला. १८७३ च्या कोशात शब्द होते. १९८५ च्या या कोशात गाणी होती. ‘मुकेश गीतकोश’ हे त्याचे नाव. गायक मुकेश यांनी गायिलेली गीते, ती कोणत्या चित्रपटातील, कवी कोण, संगीतकार कोण, तबकडी कोणती, हा सर्व तपशील त्यात मांडलेला आहे. पुढे त्यांनी गुजराती चित्रपटांचाही गीतकोश सिद्ध केला.

गाण्यांचा कोश ही कल्पना आज आपल्याला विचित्र वाटत नाही. परंतु ती प्रथम सुचली कोणाला आणि कशामुळे? याचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपण सुरतेपासून फार दूर, पॅरिस आणि न्यू यॉर्क या नगरांतील काही तरुणांच्या बैठकीत जाऊन पोहोचतो. हे तरुण जाझ संगीताच्या मागे लागलेले होते. एकमेकांच्या घरी तबकड्या नेणे, त्या पुनःपुन्हा वाजविणे, कोणता वादक कोणता यावर वाद घालणे, हा त्यांचा छंद. या छंदातून जे शास्त्र निघाले, त्याचीच एक शाखा मुंबई, कानपूर आणि सुरत येथे फोफावली. तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

जाझ हे संगीत कागदावर राहत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे ख्यालाची बंदिश चार ओळींची; तिचा विस्तार गवयाने त्या क्षणी करावयाचा. जाझमध्येही तसेच आहे. मूळ चाल ठराविक असते, पण ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन वाजविणारा कलावंत त्या चालीवर जी उपज करतो, ती त्या रात्रीची आणि त्याची स्वतःची. दुसऱ्या रात्री ती तशी येणार नाही. मग ती राहावी कशी? तबकडीखेरीज तिला दुसरा आधार नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्क येथे ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या मंडळीची तबकडी ध्वनिमुद्रित झाली. जाझची पहिली तबकडी म्हणून तिची नोंद केली जाते. त्या दिवसापासून या संगीताचा इतिहास आणि तबकड्यांचा इतिहास एकमेकांत गुंतून गेला.

येथे आपल्या देशाचा एक संबंध सांगण्यासारखा आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या जुन्या काळ्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला ही लाख पुरविणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता. छोटा नागपूरच्या जंगलात पळस आणि कुसुम या झाडांवर एक किडा जी राळ सोडतो, तीच शुद्ध होऊन बोटीत चढे आणि अमेरिकेत तिच्यावर न्यू ऑर्लिन्सचे सूर कोरले जात. महायुद्धामुळे हा पुरवठा अडचणीत आला तेव्हा, १९४२ साली, अमेरिकन सरकारला तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण घालावे लागले. ज्या लाखेच्या बांगड्या आपल्याकडे बायका घालतात, तिच्याच जातीच्या लाखेने अर्ध्या शतकाचे विश्वसंगीत जपून ठेवले, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु तबकडीत सूर राहिले, नावे राहिली नाहीत. लेबलावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत, चालीचे नाव, आणि फार तर वाद्यवृंदाच्या नायकाचे नाव. मागे बसून ज्याने क्लॅरिनेटवर आठ मात्रांत आपले सर्वस्व ओतले, तो अनामिकच राहावयाचा. तबकड्या ऐकणाऱ्यांना ही गोष्ट बोचू लागली. फ्रान्समध्ये १९३२ साली ‘हॉट क्लब द फ्रान्स’ नावाचे मंडळ निघाले. जाझच्या तबकड्या एकत्र बसून ऐकाव्या आणि त्यांवर चर्चा करावी, असा त्याचा शिरस्ता. त्या मंडळातील शार्ल दलोने या तरुणाने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कोणती तबकडी कोणी, केव्हा, कोठे ध्वनिमुद्रित केली आणि तीत कोण कोण वाजवीत होते, याची ती यादी होती. लायब्ररीतील पुस्तकांच्या सूचीला जी प्रतिष्ठा असते, ती तबकड्यांच्या सूचीला प्रथम मिळाली ती येथे. न्यू यॉर्कमध्ये मिल्ट गॅबलर नावाचा तबकड्यांचा दुकानदार होता. १९३५ साली स्थापन झालेल्या तेथील जाझमंडळांच्या संघासाठी त्याने जुन्या, दुर्मिळ झालेल्या तबकड्या पुन्हा काढल्या आणि लेबलावर सर्व वादकांची नावे छापली. एका दुकानदाराने अनामिकांना नाव दिले, असे म्हटले तरी चालेल.

या माहितीचा उगम कोठे होता? कंपन्यांची दप्तरे सहसा बंद असत. माहिती होती ती श्रोत्यांच्या कानात. एकाजवळ एक तबकडी, दुसऱ्याजवळ दुसरी. एकाने जुन्या वादकाला भेटून विचारलेले, दुसऱ्याने तबकडीच्या मध्यभागी, लेबलाजवळच्या गुळगुळीत वर्तुळात कोरलेला आकडा भिंगाने वाचलेला. असे तुकडे जुळविले म्हणजे एक नोंद पुरी होई. एकट्याच्या कपाटाने हे काम होणे शक्य नव्हते. जो तबकडी लपवून ठेवील त्याचे ज्ञान अपुरे, आणि जो ती दुसऱ्याला ऐकवील त्याचे ज्ञान वाढते, हा या छंदाचा पहिला धडा ठरला.

आता आपण मुंबईकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि या संगीताचा खरा आवाज शहराने प्रत्यक्ष ऐकला. त्याच वृंदातील ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ याने पुढे स्वतःचा वृंद उभारला. १९३६ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली त्याची ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही तबकडी आजही संग्राहकांच्या बोलण्यात येते. पियानोवादक टेडी वेदरफर्ड हाही ताजमध्ये वाजवीत असे. पुढे तो कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली तेथेच वारला. या पाहुण्यांजवळ बसून येथले कलावंत शिकले. त्यांत बहुसंख्य गोव्याचे होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचावयास शिकवीत. त्या शिदोरीवर ही मुले मुंबईस आली. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. मिकी कोरियाने ताजमधील वृंद वीस वर्षांच्या आसपास चालविला. पारशी समाजातील कावसजी खटाऊ ‘रूडी कॉटन’ या नावाने सॅक्सोफोन वाजवी.

ताजमधील ही मैफल मात्र सर्वांसाठी नव्हती. गिरगावातील कारकुनाला किंवा दादरच्या विद्यार्थ्याला त्या नृत्यगृहात कोण सोडणार? त्याच्यासाठी वाट होती ती तबकडीची आणि आकाशवाणीच्या लहरींची. काळा घोड्याजवळ ‘ऱ्हिदम हाऊस’ हे दुकान चाळीसच्या दशकात निघाले. तेथील कप्प्यांत उभे राहून तबकडी ऐकावी, आवडली तर घ्यावी, आणि पैसे नसतील तर नुसती ऐकून परत यावे, असे करीत दोनतीन पिढ्या तयार झाल्या. ते दुकान २०१६ साली बंद झाले. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांचे ढीग असत आणि रद्दीच्या भावाने विकल्या जाणाऱ्या त्या ढिगात एखादे रत्न सापडे. १९५२ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईतून ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जाझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते फार दिवस टिकले नाही. परंतु या शहरात पॅरिससारखीच एक ऐकणारी मंडळी जमली होती, याचा तो लेखी पुरावा होय.

पन्नाशीच्या उत्तरार्धात परकी चलनाची टंचाई आली आणि विदेशी तबकडी मिळणे दुरापास्त झाले. अशा वेळी एक प्रत दहा घरांत फिरावी हे ओघानेच आले. बोटीवर काम करणारा एखादा नातेवाईक, परदेशी शिकावयास गेलेला मित्र, यांच्या सामानात आलेली तबकडी ही सर्व आळीची ठेव होई. दुसरी वाट लघुलहरींची. जानेवारी १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर याचा जाझचा कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनाही कळावे म्हणून तो अत्यंत सावकाश आणि स्पष्ट बोले, आणि तबकडी लावण्याच्या आधी किंवा नंतर वादकांची नावे सांगे. पूर्व युरोपातील श्रोते आणि मुंबईतील श्रोते एकाच रात्री तीच नावे वहीत उतरवीत होते. रशियात तर जाझच्या तबकड्या मिळेनात तेव्हा लोकांनी दवाखान्यातील टाकाऊ क्ष-किरण चित्रांवर सूर कोरून त्यांची चोरटी देवघेव चालविली. बरगड्यांच्या छायाचित्रावर कोरलेले ते संगीत पाहिले म्हणजे ऐकण्याची भूक माणसाला कोठवर नेते याची कल्पना येते.

मग तबकडीतले कलावंत देह धारण करून येऊ लागले. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक मुंबईस आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्याने वादन केले. १९६३ साली ड्यूक एलिंग्टन आला. त्या प्रवासातील अनुभवांतून त्याने पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ रचली आणि तिच्यातील एका भागाला दिल्लीच्या पाखराचे नाव दिले. १९६४ साली लुई आर्मस्ट्राँग येऊन गेला. १९७८ साली झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव भरविला आणि त्यात सनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. ‘यात्रा’ हे नाव चांगले निवडलेले होते; वर्षानुवर्षे घरी बसून ज्या देवाचे नाम घेतले, त्याच्या दर्शनाला भक्तांनी जमावे, तसाच तो प्रकार होता.

येथपर्यंतचा इतिहास मूठभर लोकांचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण जाझ मराठी घरात शिरले ते दुसऱ्याच दाराने. त्या दाराचे नाव चित्रपट. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी भगवान पालव यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाला संगीत दिले, तेव्हा चिक चॉकलेट त्यांच्या साथीला होता. आपल्या वादकांसह तो पडद्यावरही दिसतो. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ गाणारी मुले गावोगाव होती. आपण जाझ गात आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते. लाहोरच्या हॉटेलात वृंद चालविणारे सेबास्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि शंकर–जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करू लागले. दारूबंदीने हॉटेलांतील मैफली थंडावल्या होत्या. तेथील कलावंत दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात येऊन बसू लागले.

आणि येथेच तो जुना अन्याय पुन्हा घडला. लेबलावर त्यांचे नाव नाही. वादकांचे सोडा, आरंभी गायकाचेही नाव नसे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातील पात्राचे नाव. गाणारी लता मंगेशकर होती, हे श्रोत्यांना मागाहून कळले. याच्याशी १९०२ सालची एक गोष्ट ताडून पाहावी. कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गोहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच तिने इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. ते अजून तबकडीत ऐकू येते. तिने आपले नाव सुरांतच कोरून ठेवले. चाळीसपन्नास वर्षांनी यंत्रे सुधारली, धंदा वाढला आणि कलावंताचे नाव मात्र पुसले गेले.

ही उणीव भरून काढली ती श्रोत्यांनी. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. गावोगाव श्रोत्यांचे संघ निघाले. पोस्टकार्डांची देवघेव सुरू झाली. १९५७ साली विविध भारती सुरू झाली, तरी पोस्टकार्डे थांबली नाहीत. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ हे असेच एक श्रोते. त्यांनी दशकवार ‘हिंदी फिल्म गीतकोश’ रचिला आणि ‘लिसनर्स बुलेटिन’ या पत्रिकेतून देशभरच्या रसिकांना एका धाग्यात ओवले. सुरतेचे रघुवंशी हे त्याच धाग्यातील. दोघांनी मिळून सैगल यांच्या गीतांचाही ग्रंथ केला. त्यांनी केलेले काम दलोनेच्या कामाचेच सख्खे भावंड होते. गरज एकच होती, म्हणून रीतही एकच निघाली. तबकडीचा क्रमांक उतरून घेणे, चित्रपटाची जुनी पुस्तिका मिळविणे, ज्याच्याजवळ ती आहे त्याला पत्र लिहिणे, आणि शंका उरली तर ती शंका म्हणूनच नोंदविणे. विद्यापीठ नाही, अनुदान नाही, वेतन नाही. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली; डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या पत्रिकेद्वारे आणि श्रवणसभांद्वारे हीच परंपरा महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

मग उरले काय? उरले ते फार मोलाचे. गायकांना नाव मिळाले, कवींना मिळाले, संगीतकारांना मिळाले; वादकांना अजून पुरते मिळालेले नाही. ट्रंपेटचा तो एक झळाळता तुकडा कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा, वाद्यरचना कोणी लिहिली, हे बहुसंख्य गीतांच्या बाबतीत कोणत्याही लेबलावर नाही. अलीकडे ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटसृष्टीतील वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ लिहिला. नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जाझयुगावरील ग्रंथ २०१२ साली आला. हे दोन्ही ग्रंथ उपकारक आहेत. परंतु गीतागणिक, तबकडीगणिक वादकांची नोंद करणारा कोश हे आणखी निराळे काम आहे, आणि ते करण्यासाठी लागणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. संगीतकार प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्व्हिस यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील नायकाच्या तोंडी घातले, म्हणून ते घरोघरी पोहोचले. ज्यांना असा शिष्य लाभला नाही त्यांचे काय?

आज तबकडीचे दुर्भिक्ष संपले आहे. हातातल्या दूरध्वनीवर न्यू ऑर्लिन्सपासून मुंबईपर्यंतचे सूर क्षणात उमटतात. परंतु विपुलतेने विस्मरण थांबत नाही. पुष्कळदा ते वाढते. फुकट मिळालेल्या गाण्याबरोबर लेबल येत नाही, वेष्टन येत नाही, वादकांची यादी येत नाही. सूर पुन्हा एकदा नावापासून तुटत आहेत. दुसरीकडे खऱ्या तबकड्या माळ्यावर धूळ खात आहेत आणि घर बदलताना भंगारात जात आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर सुरतेच्या घराघरांत शिरला. अशा पाण्यात तबकडी एखादे वेळी धुऊन घेता येते. तिच्यावरचे कागदी लेबल मात्र निघून जाते. म्हणजे नाव तेवढे वाहून जाते आणि सूर अनाथ होतो.

म्हणून ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या तबकड्या असतील त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. तबकडी उभी ठेवावी, आडवी रचू नये. लाख ठिसूळ असते, ओझ्याने वाकते आणि फुटते. लेबलावरचा मजकूर आणि मधल्या वर्तुळात कोरलेला आकडा वहीत उतरून घ्यावा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ती तबकडी कोणाला तरी बोलावून ऐकवावी. घरात एखादे वृद्ध गृहस्थ असतील आणि ते म्हणतील, ‘हा ट्रंपेट चिक चॉकलेटचा’, तर ते वाक्यही तारखेसह लिहून ठेवावे. ते चूक असेल तर दुसरा कोणी तबकडी पुढे करून दुरुस्त करील. पण लिहिलेच नाही तर दुरुस्त करावयालाही काही उरणार नाही.

नर्मदाने शब्द गोळा केले तेव्हा ते बाजारात, नदीकाठी, माणसांच्या तोंडी विखुरलेले होते. सूरही तसेच घराघरांत विखुरलेले आहेत. कोश एकाच्या हातून लिहिला जातो, परंतु त्याची सामग्री शेकडो घरांतून येते. मुंबईच्या वादकांचा कोश जेव्हा कोणी लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्या पत्राला उत्तर देण्याइतकी माहिती आपल्या वहीत असली पाहिजे.